‘आरसेप’चे दार : बंद की नुसते लोटलेले?

व्यापारी गटात सामील व्हावे की नाही, यावर प्रत्येक देशात वाद होतो. मात्र गटाबाहेर राहण्याचे ठरल्यानंतर ते कसे राहायचे, यावरचे मतभेद त्याहून अधिक काळ टिकतात. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉक येथे भारताने ‘प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी’ अर्थात ‘आरसेप’ करारात सहभागी न होण्याचा निर्णय जाहीर केला आणि सात वर्षांच्या वाटाघाटींवर एका संध्याकाळी पडदा पडला. शेतकरी संघटनांनी त्याचे स्वागत केले, मोठ्या उद्योगांच्या काही प्रतिनिधींनी नाराजी व्यक्त केली आणि विषय मागे पडला. महाराष्ट्रात तर विधानसभा निवडणुकीच्या निकालानंतरचा सत्तेचा पेच तेव्हा ऐन भरात होता. त्या गदारोळात बँकॉकच्या निर्णयाची चर्चा फार रंगली नाही.

चर्चा थांबली, तरी वाद मिटला नाही. करारातून बाहेर पडणे म्हणजे दार कायमचे बंद करणे, की ते लोटून ठेवून योग्य वेळेची वाट पाहणे, की त्याच देशांशी एकेक करून स्वतंत्र करार करणे, या तीन मार्गांपैकी भारताचा मार्ग कोणता, हे त्या संध्याकाळी ठरले नव्हते. त्यानंतरच्या काळात देशाची वाटचाल प्रामुख्याने तिसऱ्या मार्गाने झाली. त्याचा लाभ कोणाला मिळाला आणि किंमत कोणी मोजली, याचा हिशेब मांडला, तर मतभेद आजही का कायम आहेत, याचा उलगडा होतो.

एका रस्त्यावरचे तीन हितसंबंध

हा हिशेब मांडण्यासाठी पुणे-नगर रस्त्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या रस्त्यावर पुणे शहराच्या पूर्व टोकाला खराडी आहे. एके काळचे हे शेतीचे गाव आता इऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि झेन्सारसारख्या कंपन्यांच्या इमारतींमुळे ओळखले जाते. येथून परदेशात जाते ती सेवा. बंदरावर तिचे कंटेनर भरले जात नाहीत आणि तिच्यावर सीमाशुल्कही आकारले जात नाही.

त्याच रस्त्याने वाघोली, सणसवाडी मागे टाकून पुढे गेल्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत लागते. कोरियाची एलजी, चीनची हायर, अमेरिकेची व्हर्लपूल आणि फियाट-टाटा यांचे कारखाने तेथे आहेत. येथे सुटे भाग बाहेरून येतात, यंत्रे जोडली जातात आणि तयार माल देशात व परदेशात विकला जातो. आणखी पुढे शिरूर, पारनेर आणि पलीकडे संगमनेर, राहाता हा दुधाचा पट्टा. दोन-चार गायी बांधून सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालणारी हजारो कुटुंबे या पट्ट्यात आहेत.

सेवा, कारखाना आणि दूध या तिघांसाठी ‘आरसेप’चा अर्थ वेगवेगळा होता. त्यामुळे करारातून बाहेर पडण्याचा अर्थही प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. राष्ट्रहित हा शब्द तिघांच्याही तोंडी असला, तरी त्यामागचे आकडे एकमेकांशी जुळणारे नव्हते.

करार काय होता?

नोव्हेंबर २०१२ मध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह येथे ‘आरसेप’च्या वाटाघाटींची घोषणा झाली, तेव्हा केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडीचे सरकार होते. ‘आसियान’चे दहा सदस्य आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व भारत अशा सोळा देशांचा हा गट होणार होता. २०१४ मध्ये सत्तांतर झाल्यानंतरही वाटाघाटी सुरूच राहिल्या. म्हणजे ज्या काँग्रेसच्या काळात चर्चेला प्रारंभ झाला, तिने २०१९ मध्ये कराराला विरोध केला. आणि ज्या भारतीय जनता पक्षाच्या सरकारने पाच वर्षे चर्चा पुढे नेली, त्यानेच अखेर माघार घेतली. पक्षांच्या भूमिका बदलण्यामागे राजकीय सोय होती, हे खरे. पण या काळात आकडेही बदलले होते, हे नाकारता येणार नाही.

२०१८-१९ मध्ये या पंधरा देशांशी असलेल्या वस्तुव्यापारात भारताची तूट सुमारे १०५ अब्ज डॉलर होती आणि त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ अब्ज डॉलर, एकट्या चीनच्या खात्यावर होती. आसियान आणि दक्षिण कोरियाशी २०१० पासून, तर जपानशी २०११ पासून लागू झालेल्या मुक्त व्यापार करारांचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नव्हता. त्या देशांतून होणारी आयात वेगाने वाढली, निर्यात त्या गतीने वाढली नाही. त्यामुळे आणखी एका मोठ्या करारात शिरताना भारताने काही अटी पुढे केल्या.

त्यांतील पहिली अट आधारभूत वर्षाची होती. शुल्ककपात २०१४ च्या दरांपासून मोजावी, असे इतरांचे म्हणणे होते, तर ती २०१९ च्या दरांपासून मोजावी, असा भारताचा आग्रह होता. मधल्या काळात भारताने मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच अशा अनेक वस्तूंवरील शुल्क वाढवले होते. जुने वर्ष मान्य केले असते, तर ही वाढ पहिल्याच दिवशी निकालात निघाली असती. आयात एका मर्यादेपलीकडे वाढताच आपोआप जादा शुल्क लागू व्हावे, ही दुसरी अट होती. मालाचा मूळ देश ठरवण्याचे नियम कडक असावेत, म्हणजे चिनी माल तिसऱ्या देशाचा शिक्का मारून येणार नाही, ही तिसरी. आणि वस्तूंसाठी बाजारपेठ खुली करण्याच्या बदल्यात सेवांसाठी, म्हणजेच भारतीय व्यावसायिकांच्या येण्याजाण्यासाठी, इतरांनी दारे उघडावीत, ही चौथी.

या अटी पुरेशा प्रमाणात मान्य झाल्या नाहीत. गांधीजींनी शेवटच्या माणसाचा विचार करण्याचा जो मंत्र दिला तो आणि स्वतःची सदसद्विवेकबुद्धी, या दोन्ही कसोट्यांवर हा करार उतरत नाही, अशा आशयाचे निवेदन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी बँकॉकमध्ये केले. मात्र त्याच दिवशी सोळा देशांच्या नेत्यांच्या संयुक्त निवेदनात वेगळाच सूर होता. भारताचे महत्त्वाचे मुद्दे अनिर्णित असून ते सोडवण्यासाठी सर्व देश एकत्र काम करतील आणि त्यांच्या समाधानकारक निराकरणावर भारताचा अंतिम निर्णय अवलंबून राहील, असे त्यात नमूद होते. एकाच दिवसाच्या दोन निवेदनांपैकी एकाने दार बंद केले होते, तर दुसऱ्याने ते लोटून ठेवले होते. पुढील सर्व मतभेदांचे बीज येथेच आहे.

ब्रिटनचा धडा

नेमक्या याच काळात ब्रिटनमध्ये अशाच प्रश्नावरून राजकीय व्यवस्था ढवळून निघाली होती. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर पडायचे की नाही, एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. कसे पडायचे, हे तिच्यावर नव्हते. सीमाशुल्क संघात राहायचे की नाही, एकल बाजारपेठेशी नाते ठेवायचे की नाही, उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातील सीमेचे काय करायचे, या प्रश्नांवर बाहेर पडण्याच्या समर्थकांमध्येच फाटाफूट झाली.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी केलेला माघारीचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ब्रिटिश संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. मार्चमध्ये तो आणखी दोनदा फेटाळला गेला. २७ मार्च रोजी खासदारांनी आठ वेगवेगळ्या पर्यायांवर मतदान केले आणि एकाही पर्यायाला बहुमत मिळाले नाही. १ एप्रिल रोजी सीमाशुल्क संघाचा पर्याय अवघ्या तीन मतांनी पडला. नको काय, यावर सभागृहात बहुमत होते. हवे काय, यावर नव्हते. अखेर बोरिस जॉन्सन यांनी डिसेंबर २०१९ मधील निवडणूक जिंकल्यावर ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. त्यानंतरही उत्तर आयर्लंडचा प्रश्न धुमसत राहिला आणि त्यावर २०२३ मध्ये ‘विंडसर आराखडा’ तयार करावा लागला.

भारताची स्थिती अर्थातच वेगळी होती. ब्रिटन सत्तेचाळीस वर्षांच्या संसारातून बाहेर पडला, भारत बोहल्यावरून परतला. स्वाक्षरीच झालेली नसल्याने भारताला कोणतीही देणी चुकवावी लागली नाहीत. आंतरराष्ट्रीय करार करणे हा आपल्याकडे केंद्र सरकारचा अधिकार आहे. त्यासाठी संसदेची पूर्वमंजुरी लागत नाही. त्यामुळे ब्रिटनसारखी रात्री उशिरापर्यंत चाललेली मतदाने येथे झाली नाहीत. निर्णय झटपट झाला, हा या पद्धतीचा फायदा. पण कोणाला नेमके काय हवे होते, याची नोंद मतदानाच्या रूपाने कोठेच झाली नाही, हा तोटा. ब्रिटनचे मतभेद सभागृहात मोजले गेले. भारताचे मतभेद मात्र निवेदने, शिष्टमंडळे आणि मोर्चे यांत विखुरले गेले.

दुधाचा प्रश्न : भीती खरी, उपाय अपुरा

करारविरोधाची सर्वांत मोठी ताकद दुधात होती. ४ नोव्हेंबर २०१९ रोजी देशभर शेतकरी संघटनांनी निदर्शने केली. स्वदेशी जागरण मंच आणि डावे पक्ष एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत; या प्रश्नावर मात्र दोघांचीही मागणी सारखीच होती. ‘अमूल’सारख्या सहकारी संस्थेनेही विरोध नोंदवला होता.

करारसमर्थकांचा युक्तिवाद असा, की न्यूझीलंडचे एकूण वार्षिक दूध उत्पादन सुमारे दोन कोटी टन, तर भारताचे २०१८-१९ मधील उत्पादन १८ कोटी ७७ लाख टन. हत्तीने मुंगीला घाबरण्याचे कारण काय? हा युक्तिवाद आकड्यांच्या दृष्टीने बरोबर असला, तरी बाजाराच्या दृष्टीने अपुरा आहे. न्यूझीलंडचे बहुतांश दूध भुकटी, लोणी, चीज अशा रूपांत निर्यात होते. भारतातील बरेचसे दूध घरातच वापरले जाते. बाजारात येणाऱ्या दुधापैकी जे शिल्लक राहते, त्याची भुकटी होते आणि त्या भुकटीचा दर दुधाचा खरेदी दर ठरवतो. प्रामुख्याने गायीच्या दुधावर चालणाऱ्या आणि खासगी डेअऱ्यांचे प्राबल्य असलेल्या महाराष्ट्रात तर हे अधिकच खरे आहे.

याचा प्रत्यय जुलै २०१८ मध्ये आला होता. भुकटीचे दर कोसळल्याने दुधाचे खरेदी दर घसरले आणि स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे नेते राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली राज्यात दूध आंदोलन झाले. मुंबई-पुण्याकडे जाणारे टँकर अडवले गेले. चार दिवसांनी गायीच्या दुधाला लिटरमागे २५ रुपये दराची घोषणा झाल्यावर ते आंदोलन मिटले. ज्याने हे वर्ष पाहिले होते, त्या दूध उत्पादकाला स्वस्त भुकटी शुल्काविना येणार, या शक्यतेने धडकी भरली असल्यास त्यात नवल नव्हते.

परंतु करार टळल्यामुळे दूध उत्पादकाचा प्रश्न सुटला, असे म्हणता येणार नाही. २०२३ च्या अखेरीस भुकटी आणि लोण्याचे दर पुन्हा पडले, तेव्हा भारत ‘आरसेप’बाहेरच होता. राज्य सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. त्यावर कडी म्हणजे जून २०२४ मध्ये केंद्राने सवलतीच्या १५ टक्के शुल्काने दहा हजार टन दूध भुकटी आयात करण्यास मुभा दिली आणि राज्यातील शेतकरी संघटनांनी त्यावर संताप व्यक्त केला. कुंपण उंच असले, तरी कुंपणाच्या आतली व्यवस्था नीट नसेल, तर दर पडायचे ते पडतातच. खरेदी दराची हमी, भुकटीचा साठा आणि खासगी डेअऱ्यांवरील नियमन हे प्रश्न बँकॉकमध्ये नव्हे, मुंबईत सुटायचे आहेत.

खराडीचे मौन आणि खराडीचा लाभ

या वादात सेवाक्षेत्राचा आवाज फारसा ऐकू आला नाही. वास्तविक सेवांसाठी दारे उघडा, ही भारताच्या वाटाघाटींतील प्रमुख मागणी होती. मग तिच्यासाठी उघडपणे भांडले कोण?

याचे कारण ग्राहकांच्या यादीत आहे. भारतीय माहिती तंत्रज्ञान उद्योगाची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिका, त्या खालोखाल ब्रिटन आणि युरोप. खराडीच्या इमारतींमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, ते प्रामुख्याने न्यूयॉर्क आणि लंडनच्या घड्याळांमुळे. आग्नेय आशियाशी २०१४ मध्ये झालेल्या सेवा करारानेही या क्षेत्राचे चित्र फारसे बदलले नव्हते. त्यामुळे ‘आरसेप’ झाला काय किंवा न झाला काय, खराडीला त्याची तीव्रता जाणवली नाही. करारात राहण्याची बाजू जोरकसपणे मांडू शकणारा शहरी, सुशिक्षित आणि संघटित वर्ग त्यामुळे तटस्थ राहिला.

पुढे मात्र या वर्गाला बाहेर पडण्याच्या तिसऱ्या मार्गाचा लाभ झाला. एप्रिल २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार झाला, तेव्हा तेथील ग्राहकांसाठी भारतात बसून केलेल्या तांत्रिक सेवांवर आकारला जाणारा कर रद्द करण्याचे ऑस्ट्रेलियाने मान्य केले आणि त्यासाठी आपला कायदा बदलला. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या कराराच्या जोडीला सामाजिक सुरक्षेच्या दुहेरी वर्गणीबाबतचा समझोता झाला. ठराविक मुदतीसाठी ब्रिटनमध्ये पाठवलेल्या भारतीय कर्मचाऱ्याला आणि त्याच्या कंपनीला दोन्ही देशांत वर्गणी भरावी लागू नये, हा त्याचा उद्देश. सोळा देशांच्या टेबलावर जे पदरात पडले नसते, ते दोघांच्या टेबलावर पडले. समोर एकच देश असतो, तेव्हा देवघेव नेमकी करता येते. दूध वगळा, त्या बदल्यात दुसरे काही घ्या, असे म्हणता येते. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन या दोन्ही करारांत भारताने दुग्धजन्य पदार्थांवर सवलत दिली नाही. २२ डिसेंबर २०२५ रोजी खुद्द न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हाही दूध त्याबाहेरच राहिले.

म्हणजे नगर रस्त्याच्या दोन टोकांना, खराडीला आणि दूधपट्ट्याला, स्वतंत्र करारांचा मार्ग मानवला, असे म्हणावे लागेल. प्रश्न उरतो तो मधल्या रांजणगावचा.

मधल्या कारखान्याची अडचण

धुलाई यंत्र, शीतकपाट किंवा मोटारगाडी आता एका देशात तयार होत नाही. काँप्रेसर एका देशातून, इलेक्ट्रॉनिक भाग दुसऱ्या देशातून, साचे तिसऱ्या देशातून येतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या ‘आरसेप’चे खरे बळ शुल्ककपातीपेक्षा या जोडसाखळीत आहे. पंधरा सदस्यांपैकी कोणत्याही देशात तयार झालेला भाग वापरला, तरी तो जणू आपल्याच देशातील समजून मोजण्याची मुभा त्यात आहे.

व्हिएतनाममधील कारखान्याने कोरियन भाग वापरून इंडोनेशियाला यंत्र पाठवले, तर या नियमाने तो भाग ‘घरचा’ ठरतो. रांजणगावमधील कारखान्याने तोच भाग वापरून तेच यंत्र इंडोनेशियाला पाठवले, तर भारत-आसियान कराराच्या हिशेबात तो भाग ‘परका’ ठरतो आणि परक्या भागांचे प्रमाण अधिक झाले, तर सवलत हातची जाते. भारताचे कोरियाशी करार आहेत, आसियानशी आहेत, जपानशीही आहेत. पण हे सगळे सुटे धागे आहेत. त्यांचे कापड झालेले नाही. नवा कारखाना कोठे काढायचा, हे ठरवणारी बहुराष्ट्रीय कंपनी धागे मोजत नाही, कापड पाहते.

‘सीआयआय’सारख्या उद्योग संघटनेने २०१९ मध्येच हा धोका दाखवला होता. अर्थतज्ज्ञ सुरजित भल्ला यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सल्लागार गटाचाही कल सहभागाच्या बाजूने होता. जागतिक बँकेने सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने ‘आरसेप’चा फेरविचार करावा, असे सुचवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनीही भारत या गटात असायला हवा, असे मत जाहीरपणे मांडले. सरकारच्याच धोरणसंस्थेच्या प्रमुखाने सरकारच्या भूमिकेहून वेगळे मत मांडावे, यावरून मतभेद किती खोलवर आहेत, हे दिसते.

मात्र उद्योगजगत एकमुखी आहे, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. मोठ्या जोडणी कारखान्याला स्वस्त सुटे भाग हवे असतात. भोसरी-चाकणमधील छोट्या पुरवठादाराला तेच स्वस्त भाग आपल्या मुळावर आलेले दिसतात. एकाच मोटारीच्या साखळीतील हे दोन दुवे असले, तरी शुल्काच्या प्रश्नावर त्यांची मते एकमेकांविरुद्ध जातात. छोट्या पुरवठादाराच्या दृष्टीने ‘आरसेप’बाहेर राहणे हा जगण्याचा प्रश्न होता आणि आहे.

प्रश्न एकाच देशाचा

केंद्रीय वाणिज्य मंत्री पीयूष गोयल यांनी ‘आरसेप’ म्हणजे प्रत्यक्षात चीनशी मुक्त व्यापार करार होय, अशी भूमिका वेळोवेळी मांडली आहे. साधी बेरीज केली, तर या म्हणण्यात तथ्य आढळते. ‘आरसेप’च्या पंधरा देशांपैकी आसियानचे दहा, जपान, कोरिया आणि ऑस्ट्रेलिया या तेरा देशांशी भारताचे करार आहेत. न्यूझीलंडशी वाटाघाटी पूर्ण झाल्याने हा आकडा चौदावर जातो. उरतो तो फक्त चीन. म्हणजे भारताने ‘आरसेप’ सोडला, असे म्हणण्यापेक्षा ‘आरसेप’मधून चीन वजा करून उरलेला भाग तुकड्या-तुकड्यांनी उभा केला, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

जून २०२० मधील गलवानच्या संघर्षानंतर चीनशी मुक्त व्यापाराची भाषा करणे कोणत्याही सरकारला राजकीयदृष्ट्या अशक्य होते. त्याआधीच एप्रिल २०२० मध्ये सीमावर्ती देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी बंधनकारक करण्यात आली होती. त्या वर्षी दूरचित्रवाणी संचांच्या आयातीवर निर्बंध आले, शीतकारक वायू भरलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या आयातीवर बंदी आली आणि सवलतीच्या शुल्काने येणाऱ्या मालाच्या मूळ देशाची कसून तपासणी करणारे सीमाशुल्क नियम सप्टेंबरपासून लागू झाले.

इतके करूनही आकडे काय सांगतात? २०१८-१९ मध्ये चीनशी असलेली सुमारे ५४ अब्ज डॉलरची तूट २०२४-२५ मध्ये ९९.२ अब्ज डॉलरवर गेली. आसियानशी असलेली तूटही २०२२-२३ मध्ये ४३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. चीनशी कोणताही मुक्त व्यापार करार नसताना हे घडले. करारसमर्थक म्हणतात, बाहेर राहून उपयोग काय झाला? करारविरोधक म्हणतात, बाहेर असताना ही स्थिती, तर आत गेल्यावर काय झाले असते? एकाच आकड्यातून दोन्ही पक्ष आपापला निष्कर्ष काढू शकतात आणि म्हणूनच हा वाद केवळ आकड्यांनी मिटणारा नाही.

या आकड्यामागील कारण मात्र दोघांनीही लक्षात घ्यायला हवे. चीनमधून येणाऱ्या मालात यंत्रे, इलेक्ट्रॉनिक भाग, रसायने आणि औषधांचा कच्चा माल यांचा वाटा मोठा आहे. देशातील कारखाने वाढले, की हीच आयात वाढते. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही चीनकडून माल घ्यायचा की भांडवल, हा पेच स्पष्टपणे मांडला होता. शुल्काची भिंत तयार वस्तू अडवू शकते; कारखान्याची भूक अडवू शकत नाही.

आता ठरवायचे काय?

‘आरसेप’ने भारतासाठी सोडलेली जागा कायम आहे. १५ नोव्हेंबर २०२० रोजी पंधरा देशांनी स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा भारतासाठी स्वतंत्र घोषणापत्र काढण्यात आले. नव्या सदस्यांना करार लागू झाल्यापासून अठरा महिने थांबण्याची अट होती. भारताला तीतून सूट देण्यात आली. मधल्या काळात हाँगकाँग, श्रीलंका आणि चिली यांनी प्रवेशासाठी अर्ज केले. रांगेत नसलेल्या पाहुण्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे, पण ती किती काळ रिकामी राहील, याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. आणि जो उशिरा येतो, त्याला इतरांनी ठरवलेल्या नियमांना मान तुकवावी लागते.

चीनचा प्रश्न जसाच्या तसा असताना या खुर्चीवर जाऊन बसण्याची घाई करावी, असे म्हणण्याइतका भक्कम आधार आज दिसत नाही. त्याच वेळी, बाहेर राहणे हेच धोरण आहे, असे मानून स्वस्थ बसणेही परवडणारे नाही. बाहेर राहायचे, तर बाहेर राहण्याची कामे पुरी करावी लागतील. भारत-आसियान कराराचा फेरआढावा २०२५ पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट होते. ते पाळले गेले नाही. रांजणगावच्या दृष्टीने ‘आरसेप’मधील प्रवेशापेक्षा हा आढावा अधिक तातडीचा आहे. कोरियन वा जपानी भाग वापरलेल्या भारतीय मालालाही आसियानमध्ये सवलत मिळेल, अशी तरतूद त्यात करून घेता आली, तर सुट्या धाग्यांचे निदान दोरखंड तरी होतील. चिनी माल मागच्या दाराने येणार नाही, याची तजवीजही याच आढाव्यात करावी लागेल.

दुधाच्या बाबतीत केंद्र आणि राज्य या दोघांनाही उत्तर द्यावे लागेल. प्रत्येक करारात दूध वगळले, एवढे सांगून उत्पादकाच्या खात्यात चार पैसे जास्त पडत नाहीत. करारातून मिळालेल्या संरक्षणाच्या काळात गोठा, पशुखाद्य, प्रक्रिया आणि दरनिश्चिती या आघाड्यांवर काय साधले, याचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याला आहे. संरक्षण हे मुदतीचे कर्ज असते. ते वापरून क्षमता उभी केली नाही, तर पुढच्या करारावेळी पुन्हा तीच भीती आणि पुन्हा तोच मोर्चा उभा राहील.

आणि अखेरचा मुद्दा पद्धतीचा. ब्रिटनने कसे बाहेर पडायचे, हे न ठरवता बाहेर पडण्याचा कौल घेतला आणि साडेतीन वर्षे त्याची किंमत मोजली. भारताने कौल घेतला नाही, संसदेत मतमोजणी केली नाही आणि त्यामुळे गोंधळही झाला नाही. परंतु कोणत्या अटी मान्य झाल्यास भारत आत जाईल आणि कोणत्या परिस्थितीत तो कायमचा बाहेर राहील, याची स्पष्ट मोजपट्टी लोकांसमोर मांडली गेलेली नाही. ती मांडली गेली, तर खराडीतील सेवाउद्योग, रांजणगावचा कारखानदार, चाकणचा पुरवठादार आणि पारनेरचा दूध उत्पादक यांना निदान आपण कशासाठी थांबलो आहोत, हे कळेल. तोवर दार बंद आहे असे सांगणारेही बरोबर ठरतील आणि ते नुसते लोटलेले आहे असे म्हणणारेही. व्यापाराच्या बाबतीत अशा दुहेरी उत्तरावर फार काळ विसंबून राहता येत नाही. कारण कारखाना कोठे काढायचा, हे ठरवणारा उद्योजक उत्तरासाठी थांबत नाही. तो दुसऱ्या देशात जागा पाहतो.